सातासमुद्रापारचा केसपेपर

पहाटे साडेसहाच्या सुमारास कंपनीची गाडी मला आमच्या वस्तीच्या तोंडाशी सोडते. गल्ली अरुंद असल्यामुळे गाडी आत येत नाही. त्या वेळी नळाला पाणी आलेले असते. हंडे-कळशा घेऊन उभ्या असलेल्या बायकांमधून वाट काढत मी घरी जाते. सुरुवातीला रोज कोणीतरी विचारायचे, "कुठं गं असतेस रात्रभर?" लग्न न झालेली मुलगी पहाटे परक्या गाडीतून उतरते, म्हणजे विचारण्याचा आपल्याला हक्कच आहे असे सर्वांना वाटते. मी सांगायचे, "मेडिकल स्क्राइब आहे मी." पण या उत्तराने कोणाचे समाधान होत नसे, कारण तो शब्दच कोणी ऐकलेला नव्हता. शेवटी आईनेच एक दिवस नळावर सांगून टाकले, "अमेरिकेतल्या पेशंटचे केसपेपर लिहिते ती." तेव्हापासून प्रश्न थांबले. आता उलट, "आमच्या मुलीला पण लावता का?" असे विचारायला बायका घरी येतात. त्यांच्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आईचे ते उत्तर माझ्या कंपनीने जाहिरातीत छापलेल्या इंग्रजी वाक्यांपेक्षा चांगले आहे. तिला केसपेपर म्हणजे काय हे ठाऊक होते. ती महापालिकेच्या रुग्णालयात आयाबाई होती. वॉर्डातून एक्स-रेला, एक्स-रेमधून परत वॉर्डात, तिथून रक्त तपासणीच्या खिडकीवर असे केसपेपर नेण्या-आणण्यात तिची ३१ वर्षे गेली. त्यावर लिहिलेले तिला वाचता येत नव्हते. आणि तिची मुलगी केसपेपर लिहिते, हे तिला फार मोठे वाटते. फक्त एक गोष्ट तिच्या पचनी पडायला वेळ लागला. "डॉक्टर तिकडं, पेशंट तिकडं, मग लिहिणारी इकडं कशी?"

कॅलिफोर्नियात सकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. तिकडे थंडीसाठी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे एक तास मागे करतात, मग मार्चपर्यंत आमची पाळी साडेनऊला सुरू होते. तिकडच्या डॉक्टरांच्या खोलीत एक फोन ठेवलेला असतो. रुग्णाची संमती घेऊन तो चालू करतात. खोलीतले बोलणे इथे माझ्या हेडफोनमध्ये येते आणि ते चालू असतानाच मी दवाखान्याच्या संगणकातल्या नोंदवहीत लिहीत जाते. रुग्ण मला दिसत नाही. त्याचा खोकला ऐकू येतो, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो, कधी रडणे ऐकू येते.

आमच्या खोलीत मोबाईल नेता येत नाही. टेबलावर कागद-पेन ठेवायलाही बंदी आहे. रुग्णाची माहिती बाहेर जाऊ नये यासाठी अमेरिकेत १९९६ पासून कडक कायदा आहे आणि त्याचा धाक आमच्यापर्यंत पोहोचलेला आहे. म्हणून वाचकांनी मला एखाद्या रुग्णाची गोष्ट विचारू नये. ती मी आईलाही सांगत नाही. इथे जे लिहीत आहे ते कामाबद्दल आहे, कोणा एका माणसाबद्दल नाही.

नोंदीचे चार भाग असतात. रुग्णाने काय सांगितले, डॉक्टरांना तपासताना काय आढळले, डॉक्टरांचे मत काय आणि पुढे काय करायचे. ही मांडणी डॉ. लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९६० च्या दशकात घालून दिली आणि आज आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही ती शिकवतात. कागदावर हे सोपे दिसते. पण माणूस चार भागांत बोलत नाही. तो गुडघ्यापासून सुरुवात करतो, मध्येच जावयाच्या नोकरीवर जातो, मग झोप लागत नाही म्हणतो. सगळे संपले, डॉक्टर "पुन्हा भेटू" म्हणाले, आणि दाराला हात लावल्यावर त्याला आठवते की जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते. पंधरा मिनिटांतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच असते. त्या वेळी माझे लक्ष पुढच्या रुग्णाकडे गेलेले असेल तर ते कागदावर येणारच नाही.

हे काम आले कुठून?

अमेरिकेत २००९ साली कायदा होऊन दवाखान्यांनी केसपेपर संगणकावर ठेवावेत यासाठी सरकारने मोठा पैसा दिला. कागद गेले, पण डॉक्टर संगणकाला बांधला गेला. २०१६ साली तिथे प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, डॉक्टर रुग्णासमोर जेवढा वेळ घालवतात त्याच्या जवळपास दुप्पट वेळ त्यांचा संगणकावर व कागदी कामात जातो. मग बोलणे ऐकून लिहिणारा माणूस शेजारी बसवायची पद्धत वाढली. तिथे हे काम बहुधा डॉक्टरीला जाऊ पाहणारे विद्यार्थी करतात. पुढे ते काम इंटरनेटवरून आपल्यासारख्या देशांत आले, कारण आपली मजुरी स्वस्त. उगाच गोड भाषेत कशाला सांगू?

त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्याकडे मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनची लाट आली होती. डॉक्टर टेपवर बोलून ठेवत, इथल्या मुली ते रात्रभर टाईप करत. ६५ अक्षरांची एक ओळ धरून ओळीवर पैसे मिळत. माझ्या मोठ्या मावसबहिणीने त्यात सात वर्षे काढली. नंतर बोललेले आपोआप टाईप करणारी यंत्रे आली आणि तिचे काम आधी निम्मे झाले, मग बंद पडले. आज ती शिकवण्या घेते. ही आठवण मी पुढे पुन्हा काढणार आहे.

एक शून्य, एक अक्षर

मी बी.एस्सी. झाले आहे, प्राणिशास्त्र घेऊन. शाळा मराठी माध्यमाची. पहिले दोन महिने फक्त कान तयार करण्यात गेले. औषधांची नावेसुद्धा वेगळी. आपले पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन होते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल आणि अ‍ॅड्रिनलीन म्हणजे एपिनेफ्रिन. वजन पौंडात असते. पौंड आणि किलो यांत दुपटीहून जास्त फरक आहे, त्यामुळे लहान मुलाच्या वजनापुढे चुकीचे माप पडले तर औषधाचा डोस दुप्पट होऊ शकतो.

आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठीवर 'ओडी' लिहितात, म्हणजे दिवसातून एकदा. अमेरिकेत त्याच दोन अक्षरांचा अर्थ उजवा डोळा असा होतो. तिथल्या रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली वापरू नयेत अशा खुणांची यादीच काढली. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसता 'यू' लिहू नये, कारण तो शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. पाच लिहायचे तर पुढे टिंब देऊन शून्य लिहू नये, टिंब पुसट झाले की पन्नास. अर्धा लिहिताना मात्र टिंबाच्या आधी शून्य हवेच, नाहीतर त्याचे पाच होतात. हे नियम माणसे दगावल्यावर शिकून केलेले आहेत. प्रशिक्षणात ही यादी आम्हांला पाठ करायला लावली तेव्हा कंटाळा आला होता. आता येत नाही.

शब्दांचेही तसेच आहे. पैसे पुरत नाहीत म्हणून इन्सुलिन अर्धेच टोचून घेणारी माणसे अमेरिकेतसुद्धा आहेत. असा रुग्ण डॉक्टरांना हळू आवाजात ते सांगतो. आता नोंदीत दोन प्रकारे लिहिता येते. "रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेत नाही" किंवा "औषध परवडत नसल्यामुळे रुग्ण निम्मा डोस घेतो." पहिले वाक्य छोटे आहे, लिहायला सोपे आहे, खोटेही नाही. पण पुढचा डॉक्टर ते वाचून रुग्णाला बेफिकीर समजणार. दुसरे वाचले तर स्वस्त औषध शोधेल. शिकागोच्या एका रुग्णालयातील ४० हजारांहून अधिक नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कृष्णवर्णीय रुग्णांच्या नोंदीत ऐकत नाही, हट्टी आहे अशा अर्थाचे शब्द येण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत अडीच पट होते. आजार तेच, दवाखाना तोच. आपल्या वाचकांना याचे वेगळे स्पष्टीकरण द्यायला नको. शाळेच्या दाखल्यापासून पोलीस ठाण्याच्या वहीपर्यंत आपल्याबद्दल कोणी काय लिहून ठेवले आणि त्याचे पुढे काय झाले, हे प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून मी रुग्णाचे कारण गाळत नाही. लांबले तरी लिहिते.

माझी चूक

तिसरा महिना होता. रात्रीचे अडीच वाजून गेले होते, त्या पाळीतला अठरावा रुग्ण. त्या दिवशी एक मुलगी आली नव्हती म्हणून मला मधली सुट्टी मिळाली नव्हती. डॉक्टरांनी खाज कमी होण्यासाठी रात्री घ्यायचे औषध सांगितले, हायड्रॉक्सिझीन. आवाज जरा तुटला. मी पहिली अक्षरे टाईप केली, संगणकाने यादी पुढे केली आणि मी त्यातले हायड्रालझीन निवडले. ते रक्तदाब उतरवण्याचे औषध आहे. ही दोन नावे एकमेकांत मिसळतात म्हणून आधीपासून बदनाम आहेत, आम्हांला शिकवलेलीही होती. आवाज तुटला हे मला कळले होते. विचारायची सोय होती, डॉक्टरांना दोन शब्दांचा निरोप पाठवता आला असता. मी विचारले नाही. माझे इंग्रजी कच्चे आहे असे त्यांना वाटेल, ही भीती.

स्क्राइबने लिहिलेले डॉक्टरांनी वाचून सही केल्याशिवाय पक्के होत नाही. डॉक्टरबाईंनी सही करण्यापूर्वी वाचले आणि एका ओळीचा निरोप आला. खाजेसाठी हे औषध? मी तत्काळ दुरुस्त केले, माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. कंपनीने मात्र गुण कापले आणि त्या महिन्याचा भत्ता गेला. सुट्टी मिळाली नव्हती हे कोणी कुठे लिहून ठेवले नाही.

पण भत्त्याचे दुःख नव्हते. डॉक्टरबाईंनी घाईत न वाचता सही केली असती तर? त्या सकाळी घरी आले ती चहा न घेताच भिंतीकडे तोंड करून पडले. आईने खोदून विचारले तेव्हा पेशंटचे नाव-गाव सोडून सगळे सांगितले. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, एकदा तिच्या वॉर्डात एकाच आडनावाचे दोन पेशंट होते आणि तिच्या हातात दोघांचे केसपेपर दिले होते. ती दोन्ही कागद घेऊन सिस्टरकडे गेली. सिस्टर खेकसली, "आत्ताच तर सांगितलं!" ती तिथेच उभी राहिली. पुन्हा विचारले. "मला वाचता येत नव्हतं बाई, म्हणून मी दोनदा विचारायचे. तुला वाचता येतं, म्हणून तू विचारलं नाहीस."

त्यानंतर माझी एक सवय पक्की झाली. शब्द ऐकू आला नाही तर मी ती जागा रिकामी ठेवते आणि खूण करते. डॉक्टर ती भरतात. रिकाम्या जागा जास्त झाल्या की कंपनीत गुण कमी होतात, म्हणून मुली अंदाजाने भरतात. मी भरत नाही. गुण गेले तर जाऊ देत.

यंत्र आणि पुढची वर्षे

आता मावसबहिणीची आठवण. गेल्या दोन-तीन वर्षांत खोलीतले बोलणे ऐकून स्वतःच नोंद तयार करणारी यंत्रे अमेरिकेतल्या दवाखान्यांत झपाट्याने शिरली आहेत. बोलणे ओळखणाऱ्या यंत्रांची न्यूआन्स ही मोठी कंपनी मायक्रोसॉफ्टने २०२२ साली विकत घेतली, तेव्हाच आमच्यातल्या जाणत्यांनी ओळखले होते. माझे निम्मे काम आता लिहिण्याचे राहिलेले नाही. यंत्राने लिहिलेले तपासण्याचे आहे.

यंत्र वेगवान आहे. ते थकत नाही, हे मान्य करायला हवे. पण ते रिकामी जागा सोडत नाही. ऐकू आले नाही तरी काहीतरी सुबक लिहून टाकते. बोलणे लिहून काढणाऱ्या एका प्रसिद्ध यंत्राने कोणी न बोललेली आख्खी वाक्ये घातल्याची उदाहरणे असोसिएटेड प्रेसने ऑक्टोबर २०२४ मध्ये छापली होती. मी स्वतः पाहिले आहे की, डॉक्टरांनी तपासलाच नाही तो पाय तपासून "सूज नाही" असे नोंदीत लिहिलेले असते. वाक्य इतके नीटनेटके असते की शंका येत नाही. चूक शोधणे हे चूक न करण्यापेक्षा अवघड आहे, निदान पहाटे चार वाजता तरी.

मग या कामात मुलींनी यावे का? वाचक भगिनींनो, मला जे वाटते ते स्पष्ट सांगते. जीवशास्त्र, फार्मसी किंवा नर्सिंग झालेल्या मुलीला दोन-चार वर्षांसाठी हे काम वाईट नाही. इंग्रजी सुधारते, औषधांची आणि आजारांची चांगली जाण येते, घरात पगार येतो. परंतु यावर आयुष्य बांधू नये. माझी आई निवृत्त झाली तेव्हा तिचा पगार माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त होता, आणि तिची नोकरी कायम होती. माझ्याबरोबरची एक मुलगी दिवसा कोडिंगची परीक्षा देते, म्हणजे आजार व उपचारांना विमा कंपनीसाठी क्रमांक देण्याचे काम. दुसरी नर्सिंगला गेली. त्या दोघींनी योग्य केले असे मी म्हणेन. मी अजून ठरवलेले नाही.

नोकरीची हमी देऊन आधी मोठी फी मागणाऱ्या क्लासपासून दूर राहा. मावसबहिणीच्या काळात अशा क्लासवाल्यांनी कित्येकांचे दागिने गहाण टाकायला लावले होते. कामावर घेणारी कंपनी सहसा स्वतःच शिकवते. नेमणुकीचे पत्र हातात घेतल्याशिवाय मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे देऊ नका, आणि तेव्हाही फक्त दाखवा.

आई-वडिलांची भीती रात्रीची असते आणि ती खोटी नाही. २००७ साली पुण्यात कॉल सेंटरच्या रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकाने व त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. ती बातमी आईने टीव्हीवर पाहिली होती. त्यामुळे मला ही नोकरी लागली तेव्हा तिने पहिला प्रश्न पगाराचा नाही, गाडीचा विचारला. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवले तर तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. हे मुलाखतीतच विचारा. गाडीत मुलगी एकटी उरते का, शेवटी कोणाला सोडतात, तेही विचारा. आणि झोपेचे काय, हे घरच्यांनी स्वतःला विचारावे. दिवसा झोपणारी मुलगी आळशी नसते. आमच्याकडे आईने दुपारी घरी येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे माझी डोकेदुखी थांबली.

गेल्या महिन्यात आईचा रक्तदाब वाढला म्हणून तिला तिच्याच जुन्या रुग्णालयाच्या ओपीडीत नेले. दारापासून जिन्यापर्यंत रांग होती. आत एक तरुण डॉक्टर एकटाच तपासत होता, स्वतःच लिहीत होता, मध्येच फोन घेत होता. त्याच्याशेजारी लिहून घेणारे कोणी नव्हते. त्याने दोन मिनिटांत तपासले, गोळी लिहिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर येऊन मी कागद पाहिला. गोळीचे नाव लागत होते. पुढचे अक्षर 'ओ' होते की 'बी', म्हणजे एकदा की दोनदा, ते लागेना. या जातीची गोळी बहुधा एकदाच देतात, म्हणून मी आईला म्हटले, "एकदाच असणार. चल."

आईने कागद माझ्या हातातून घेतला आणि रांग मोडून परत आत गेली. मागचे लोक ओरडले. मी दारातच उभी. "साहेब, एकदा का दोनदा?" तिने विचारले. डॉक्टरने वर पाहिले, कागद ओढून घेतला आणि औषधाच्या नावाखाली मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिले, सकाळी १, रात्री १. बाहेर आल्यावर तिने तो मला वाचायला दिला नाही. त्यातले दोन एकडे तिला स्वतःला ओळखता येत होते.